मोटा

हायवे सोडून लिंबकडे वळलो
तेव्हा मागच्या सीटवर भांडण पेटलेलं:
चाटून परत कागदात गुंडाळलेली
चिंचेची गोळी नेमकी कुणाची.
दोन्हीकडून ऊस आरशाला घासत होता.
मी म्हटलं, आपण बारा मोटांची विहीर बघायला चाललोय.
भांडण थांबलं.

विहंगला चारच वर्षं झालीत.
त्याने "मोटा" ऐकलं आणि मनात
बारा मोटारी रांगेत लावल्या.
मला हे तेव्हा कळलं नाही.

पायऱ्या उतरताना ऊन मागे राहिलं.
शाल्मली शिलालेखाशी थांबली,
एकेक अक्षर सुटं वाचत गेली, अर्थाची वाट न बघता,
नुकतीच जोडाक्षरं यायला लागली आहेत म्हणून.
मी कमानी दाखवल्या. बसायची जागा दाखवली.
म्हटलं, विहिरीच्या पोटात महाल, कल्पना करा.
दोघांनी कल्पना केली नाही.
दोघं एका मेलेल्या मधमाशीवर वाकले होते.

भिंतीवरच्या वाघाने पंज्याखाली हत्ती दाबलेत,
मांजराच्या पिल्लांएवढे.
"त्यांची आई कुठाय?"
याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसावं.
मी पाण्याची बाटली काढली.

"पण मोटारी कुठायत?"
तो आठ बाजूंनी वाकून बघत होता,
आणि मी आठ बाजूंनी त्याचा शर्ट धरून.
हिरवं पाणी. एक चप्पल. आभाळाचा तुकडा.
"बुडाल्या का सगळ्या?"

मग मी सांगायला बसले, मोट म्हणजे काय.
कातडं, नाडा, चाक, धाव,
एकेक शब्द पोहऱ्यासारखा खाली सोडला
आणि प्रत्येक रिकामाच वर आला.
मी तरी कुठे पाहिली होती?

वर खुरप्याला धार लावत बसलेले साबळेबाबा
हसू आवरत म्हणाले,
"आमच्या मळ्यात आजा हाकायचा.
बैल उताराला निघालं की पानी वर,
आन परतताना पाठीमागनं चालायचं बैल, उलटं.
मोटंला सोंड असायची बघा, ही एवढी, पानी सांडायला."
"सोंड? हत्तीची?"
"हत्तीचीच समजा की."
म्हणजे आता हत्तीही विहिरीत उतरले.

काठावरच्या दगडात दोरांनी झिजवलेल्या खाचा,
गुळगुळीत, बोटभर खोल.
मी त्यात बोट फिरवलं,
आणि किती बैलांची किती परतफेड, असलं काहीतरी
घरी जाऊन लिहायचं म्हणून मनात जुळवू लागले.
तेवढ्यात विहंगने खिशातून लाल मोटार काढली,
दारं न उघडणारी, एक चाक डगमगणारं,
आणि खाचेत ठेवली.
बरोब्बर बसली.

"घुर्रर्र."
इतक्या वर्षांत त्या रस्त्याने
एवढ्या वेगात कोणी गेलं नसेल.
"पोराला धरा ओ ताई!"
पोराला धरलं.

पाण्याचा आवाज उशिरा आला,
इतका बारीक, की आधी वाटलं आलाच नाही.
मग भोकाड. आठही भिंतींनी ते झेललं
आणि आठपट करून परत दिलं,
तेव्हा तो स्वतःच दचकून गप्प झाला.
पुन्हा रडून पाहिलं. विहीर पुन्हा रडली.
तिसऱ्यांदा रडता रडता हसायला आलं त्याला.
"ए," तो खाली ओरडला. "एऽऽ," खालून आलं.

साबळेबाबांनी दोघांना एकेक पेरू दिला.
मला न विचारता चाकूने मीठही लावलं.

परतीला आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत
शाल्मली फोनवर बाबाला अहवाल देत होती:
शिलालेखात "श्री" आहे.
हत्ती छोटे आहेत. आईला मोट सांगता येत नाही.
आणि बारा मोटारी वगैरे काही नाहीयेत हं बाबा,
एकच आहे,
आमची.

विहंग झोपला होता, मूठ अर्धी उघडी.
त्यातून चिंचेची गोळी मी हळूच सोडवली
आणि कोणी बघत नाही असं पाहून
खाल्ली.